शब्दांची विचारपूस : ‘चार्ज’ नावाचे ओझे

रोजच्या मराठी बोलण्यात रुळलेला, पण नेमका अर्थ सांगताना अडखळायला लावणारा एखादा इंग्रजी शब्द कळवावा, अशी विनंती गेल्या अंकात या सदरातून केली होती. पत्रे बरीच आली आणि त्यांतली जवळजवळ निम्मी एकट्या ‘चार्ज’बद्दल निघाली. म्हणून या वेळचे सदर त्या एका शब्दाला दिले आहे. पत्रांतला मजकूर थोडक्यात देऊन त्याखाली उत्तर लिहिले आहे. नाव छापू नये अशी दोघा-तिघांची इच्छा असल्यामुळे सर्वांचीच नावे वगळली असून केवळ वस्ती किंवा तालुका दिला आहे.

प्रश्न : परवा सकाळी आमच्या घरात पाऊण तासात ‘चार्ज’ हा शब्द सहा वेळा आला. नातीने फोन चार्जिंगला लावला. सोमवारी शाखेचा चार्ज घ्यायचा आहे, असे धाकट्या मुलाने सांगितले. बँकेने कसलेसे चार्जेस कापल्याचा संदेश सूनबाईंना आला. मी वाचत असलेल्या वर्तमानपत्रात एका पानावर चार्जशीट होते, दुसऱ्या पानावर लाठीचार्ज होता आणि तेवढ्यात फ्रीज दुरुस्त करायला आलेला कारागीर म्हणाला, “काका, गॅस चार्ज करावा लागेल.” हा एकच शब्द आहे, की सारखे दिसणारे सहा शब्द? आणि सहा कामांना एकच शब्द वापरणाऱ्या इंग्रजीला शब्दांची टंचाई आहे असे समजायचे का? (एक निवृत्त वाचक, इंदिरानगर)

उत्तर : शब्द एकच आहे, आणि त्याचे मूळ एका बैलगाडीसारख्या गाडीत आहे. लॅटिनमध्ये ‘कारुस’ म्हणजे चाकांची गाडी. रोमनांनी हा शब्द गॉल लोकांच्या भाषेतून उचलला होता. त्यावरून ‘कारिकारे’, म्हणजे गाडीत माल भरणे, असे क्रियापद पुढे तयार झाले, ते जुन्या फ्रेंचमधून वाट काढत इंग्लंडात पोहोचले आणि तिथे ‘चार्ज’ झाले. तेराव्या शतकातल्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ साधा होता : ओझे, वजन, भार. ‘कार’, ‘कॅरी’ आणि जहाजावरचा ‘कार्गो’ ही याच घरातली भावंडे आहेत. व्यंगचित्राला ‘कॅरिकेचर’ म्हणतात तेही इटालियनमधल्या याच कुळातले, कारण त्यात एखाद्याच्या नाकावर किंवा मिशीवर चित्रकाराने प्रमाणाबाहेर भार टाकलेला असतो.

आता आपल्या घरातली सकाळ या अर्थाने पुन्हा पाहा. फ्रीजच्या नळ्यांत गॅस भरला जातो आणि फोनच्या बॅटरीत ऊर्जा भरली जाते, हे दोन्ही गाडीत माल भरण्याच्या सर्वांत जवळचे आहे. मुलाच्या खांद्यावर शाखेची जबाबदारी येते, ते माणसावर ठेवलेले ओझे. सूनबाईंच्या खात्यावर बँकेने टाकला तो पैशाचा भार आणि चार्जशीटमधल्या माणसावर आला तो आरोपाचा. लाठीचार्ज थोडा दूरचा नातेवाईक आहे. भाला रोखून किंवा बंदूक भरून सज्ज होणे यालाही इंग्रजीत हाच शब्द वापरत. सज्ज झालेले घोडदळ मग सगळ्या वजनानिशी शत्रूच्या अंगावर जाई, आणि त्या धावून जाण्यालाही तोच शब्द चिकटला.

हे सगळे परके वाटण्याचे कारण नाही, कारण संस्कृतातल्या ‘भृ’ या धातूने मराठीत नेमका हाच संसार मांडला आहे. पाठीवर असतो तो भार, शेतातून आणतात तो गवताचा भारा, नोकरीत येतो तो कार्यभार, तात्पुरता सांभाळणारा तो प्रभारी, करावर बसतो तो अधिभार, आणि कोणी उपकार केले की आपण मानतो ते आभार. हंडा ‘भरणे’ याच कुळातले आहे. मांत्रिकाने मंत्र घालून ठेवलेला ताईत ‘भारलेला’ असतो, आणि कीर्तन रंगले की वातावरण ‘भारले’ जाते. इंग्रजीतही वातावरणाला ‘चार्ज्ड’ म्हणतात, मात्र तिथे दंगलीच्या आदल्या रात्रीची हवाही त्यात बसते. ती मराठीत भारलेली नसते, तंग असते किंवा तापलेली असते. भाषांतर करणाऱ्यांनी एवढे भान ठेवले तर वाचकांवर उपकार होतील. फारसीत ओझ्याला ‘बार’ म्हणतात, तो आपल्या ‘भार’चा सख्खा चुलतभाऊ, लासलगावच्या कांदा बाजारात रोज ऐकू येणारे ‘बारदान’ म्हणजे माल घालण्याचे साधन, ते त्याच्यातलेच.

राहिला टंचाईचा प्रश्न. जो शब्द जास्त राबतो त्याला जास्त अर्थ येतात, हे सर्व भाषांत होते. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘सेट’ या एका क्रियापदाचे चारशेहून अधिक अर्थ नोंदलेले आहेत. त्यामानाने ‘चार्ज’ लहानच. मराठीत हे काम ‘लावणे’ करते. आपण दिवा लावतो, दार लावतो, रोप लावतो, शेंदूर लावतो, मुलाला कामाला लावतो आणि एखाद्या चांगल्या गोष्टीची वाट लावतो. गंमत अशी की ‘चार्ज’चे निम्मे अर्थ ‘लावणे’ सहज पेलते : हॉटेलवाल्याने चहाचे किती लावले, पोलिसांनी कोणते कलम लावले, आणि आपल्या नातीने फोन चार्जिंगला लावला. टंचाई इंग्रजीलाही नाही आणि आपल्यालाही नाही.

प्रश्न : द्राक्षबागेसाठी सोसायटीचे पीककर्ज आणि बँकेचे मध्यम मुदतीचे कर्ज घेतले आहे. बँकेच्या इंग्रजी पत्रात जमिनीवर ‘चार्ज’ असल्याचे लिहिले आहे. तलाठीभाऊसाहेब ‘बोजा’ म्हणतात, सोसायटीचे सचिव ‘इकरार’ म्हणतात आणि वकील ‘गहाण’ म्हणतात. ही एकाच गोष्टीची चार नावे आहेत का? (एक शेतकरी, निफाड तालुका)

उत्तर : तीन नावे एकमेकांच्या जवळची आहेत आणि चौथे थोडे वेगळे आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ या कायद्यात गहाण कलम ५८ मध्ये आणि चार्ज कलम १०० मध्ये सांगितला आहे. गहाणात कर्जाच्या तारणासाठी जमिनीतला काही हितसंबंध धनकोकडे जातो. चार्जमध्ये तसे काही हस्तांतर होत नाही. येणे असलेली रक्कम या जमिनीतून वसूल होऊ शकेल, एवढा भार जमिनीवर राहतो. कायद्याच्या मराठीत त्याला ‘प्रभार’ म्हणतात, पण गावात तो शब्द कोणी उच्चारत नाही आणि उच्चारावा असे मलाही वाटत नाही, कारण ‘बोजा’ हा त्याहून जुना, नेमका आणि सर्वांना कळणारा शब्द आपल्याकडे आहे. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात तोच लिहिला जातो. बोजा ‘चढतो’ आणि बोजा ‘उतरतो’ असे आपण म्हणतो, तेव्हा लॅटिन गाडीवाल्याच्याच भाषेत बोलत असतो.

‘इकरार’ म्हणजे कबुली. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४८ प्रमाणे, कर्ज घेणारा सभासद आपल्या जमिनीवर संस्थेचा भार राहील असे निवेदन लिहून देतो. त्या कागदाला आपल्या भागात इकरार म्हणतात. थोडक्यात, इकरार हा कागद, बोजा ही त्या कागदामुळे सातबाऱ्यावर आलेली नोंद आणि ‘चार्ज’ हे त्या दोहोंमागच्या हक्काचे इंग्रजी नाव. बँकेच्या कर्जाला मात्र गहाणखत झाले आहे की नुसता बोजा आहे, हे कागद पाहूनच सांगता येईल, आणि वकील ‘गहाण’ म्हणत असतील तर त्यांनी कागद पाहिला असावा.

नोंदीला महत्त्व का, हेही याच कलम १०० मध्ये आहे. ज्याला भाराची कल्पना नव्हती आणि ज्याने मोबदला देऊन जमीन घेतली, त्याच्याविरुद्ध एरवी तो भार बजावता येत नाही. म्हणूनच बँक नोंदीची घाई करते. उतरवण्याची घाई मात्र आपण करायची असते. माझ्या आजोळी विहिरीसाठी काढलेले कर्ज फिटून बरीच वर्षे झाली, तरी सातबाऱ्यावर तो बोजा तसाच बसलेला होता, कारण कर्ज फिटल्याचा दाखला तलाठी कार्यालयात नेऊन द्यायचा असतो हे घरात कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. वाटणीच्या वेळी तो दाखला जुन्या ट्रंकेत, पंचांगांच्या खाली सापडला. मग अर्ज झाला, फेरफार झाला आणि बोजा उतरला.

प्रश्न : विजेच्या बिलात ‘स्थिर आकार’, ‘वीज आकार’, ‘वहन आकार’ असे लिहिलेले असते. मुलगा विचारतो की विजेला आकार असतो का, आणि असेल तर गोल की चौकोनी. त्याला काय सांगावे? (एक गृहिणी, सातपूर)

उत्तर : मुलाला आधी शाबासकी द्यावी. ‘आकार’ म्हणजे रूप, घडण, हा अर्थ त्याला शाळेत शिकवलेला आहे आणि तो बरोबर आहे. बिलातला ‘आकार’ मात्र महसुलातून आलेला आहे. जमिनीवर सरकारने ठरवलेली साऱ्याची रक्कम म्हणजे आकार, ती ठरवण्याचे काम म्हणजे आकारणी, आणि प्रत्येक गटाचे क्षेत्र व सारा ज्यात बांधून दिलेला असतो ते कागद म्हणजे आकारबंद. सातबारा उताऱ्यावर क्षेत्राच्या खाली ‘आकारणी’ म्हणून जो किरकोळ रुपये-पैशांचा आकडा असतो, तो हाच. ‘चार्ज’ला मराठी शब्द हवा होता तेव्हा विजेच्या बिलाने हा तयार शब्द घेतला, आणि मला तो अतिशय योग्य वाटतो. ‘शुल्क’, ‘फी’, ‘कर’ यांपैकी कोणताही शब्द तिथे इतका चपखल बसला नसता.

बिलातले तीन आकार वेगवेगळ्या कामांचे आहेत. स्थिर आकार हा एक दिवा लावला तरी आणि महिनाभर घराला कुलूप असले तरी द्यावाच लागतो. वीज आकार हा वापरलेल्या युनिटप्रमाणे वाढतो. वहन आकार हा वीज तारांवरून आपल्या दारापर्यंत आणण्याचा, म्हणजे एका अर्थाने विजेची हमाली आहे, आणि गाडीवरून आलेल्या ‘चार्ज’ला यापेक्षा शोभणारी जागा दुसरी नाही. त्याखाली ‘वीज शुल्क’ लिहिलेले असते, तिथे शब्द मुद्दाम बदललेला आहे, कारण तो राज्य सरकारचा कर आहे. ज्याने बिलाची मराठी पहिल्यांदा लिहिली त्या अनामिक कारकुनाला हा फरक ठाऊक होता.

त्याच बिलावर ‘मंजूर भार’ असाही एक रकाना आहे. तो ‘चार्ज’ नव्हे, ‘लोड’ आहे. आपल्या जोडणीवर एका वेळी किती किलोवॉट वीज वापरण्याची परवानगी आहे ते तिथे लिहिलेले असते. ‘भारनियमन’ या शब्दातला भारही तोच. पुढचे उत्तर वाचताना हा रकाना ध्यानात ठेवावा.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. पुस्तकात ‘विद्युत प्रभार’ आहे, जुन्या पुस्तकांत ‘विद्युतभार’ सापडतो आणि मुले ‘चार्ज’च म्हणतात. शिवाय बॅटरी चार्ज झाली म्हणजे तिच्यात प्रभार भरला, असे मुलांच्या डोक्यात पक्के बसले आहे. हा घोळ शब्दाचा आहे की विज्ञानाचा? (एक शिक्षिका, सिडको)

उत्तर : आधी शब्दापुरते पाहू. ‘विद्युतभार’ हा शब्द वाईट नव्हता, परंतु विजेच्या बाबतीत ‘भार’ हा ‘लोड’साठी बिलापासून भारनियमनापर्यंत सर्वत्र वापरला जातो, आणि एकाच धड्यात दोन ‘भार’ आले तर विद्यार्थी गोंधळणारच. ‘प्र’ हा उपसर्ग लावून ‘प्रभार’ केला की ती अडचण संपते. तोंडी शिकवताना मुले ‘चार्ज’ म्हणाली तर म्हणू द्यावीत. लिहिताना ‘धन प्रभार’, ‘ऋण प्रभार’ लिहिले म्हणजे झाले.

आता घोळाकडे वळू. तो दोन्हींचा आहे आणि त्याची गोष्ट नाशिककरांना जवळची वाटेल, कारण ती तोफखान्यातली आहे. देवळालीत तोफखान्याचे विद्यालय आहे, आणि त्या परिसरात ज्यांचे बालपण गेले त्यांना दूरवरून येणारे ते धडाडधूम ओळखीचे असते. तोफेच्या गोळ्यामागे त्याला फेकण्यासाठी जी दारू असते, तिला तोफची ‘चार्ज’ म्हणतात. गोळा किती लांब टाकायचा त्याप्रमाणे दारूच्या पिशव्या कमी-जास्त करायच्या असतात आणि पुष्कळशा तोफांत त्या मापांना क्रमांकही दिलेले असतात. आपण बंदुकीचा ‘बार भरणे’ म्हणतो तसेच हे. (तंबाखू मळून गालात ठेवणारेही ‘बार भरला’ म्हणतात, आणि शब्दाच्या दृष्टीने त्यांचे काही चुकत नाही, बाकी बाबतीत चुकते.)

अठराव्या शतकाच्या मध्याला, १७४५-४६ च्या सुमारास, ‘लायडन बरणी’ म्हणून एक उपकरण निघाले. काचेच्या बरणीला धातूचा पत्रा लावून तिच्यात घर्षणाने निर्माण केलेली वीज साठवायची आणि मग एका ठिणगीसरशी ती सोडायची, असा तो प्रयोग होता. बरणी भरायची, जपून धरायची आणि एकदम उडवायची हे पाहून तोफेची आठवण न झाली तरच नवल. तोफेची ‘चार्ज’ आणि ‘डिस्चार्ज’ ही भाषा विजेच्या प्रयोगशाळेत आली ती याच दिवसांत. अमेरिकेतल्या बेंजामिन फ्रँकलिनने तर मोठ्या काचेच्या अकरा तावदानांना शिशाचे पातळ पत्रे लावून ती एकत्र जोडली आणि त्या जुळणीला ‘बॅटरी’ असे नाव दिले. बॅटरी म्हणजे एकत्र मारा करणाऱ्या तोफांचा गट. देवळालीत आजही तो शब्द त्या अर्थाने चालतो. म्हणजे आपल्या खिशातल्या फोनमध्ये ‘बॅटरी’ही तोफखान्याची आणि ‘चार्ज’ही तोफखान्याचाच.

पुढे शास्त्रज्ञांनी ‘चार्ज’ला काटेकोर अर्थ दिला. इलेक्ट्रॉनचा तो ऋण, प्रोटॉनचा तो धन, आणि मोजायचा तो कूलंबमध्ये. व्यवहारातला ‘चार्ज’ मात्र भरणे या जुन्या अर्थावरच राहिला, आणि मुलांचा घोटाळा होतो तो इथे. फोनची बॅटरी ‘भरते’ तेव्हा तिच्यातला एकूण प्रभार वाढत नाही. जेवढे इलेक्ट्रॉन एका टोकाने आत जातात तेवढेच दुसऱ्या टोकाने बाहेर पडतात. साठते ती रासायनिक ऊर्जा. बॅटरीवर ५००० मिलिअँपिअर-तास असे लिहिलेले असते, त्याचे गणित मुलांकडून फळ्यावर करून घ्यावे : ५ अँपिअरला ३६०० सेकंदांनी गुणले की १८,००० कूलंब येतात. एवढा प्रभार बॅटरी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ढकलू शकते, तो तिच्या पोटात साठलेला नसतो. रहाटगाडग्यावरून जेवढे पाणी वर येते, तेवढे काही रहाटात राहत नाही, असे सांगितले तर खेड्यातून येणाऱ्या मुलांना चटकन कळते; शहरातल्या मुलांना आधी रहाट दाखवावा लागेल.

प्रश्न : मी वृत्तपत्रविद्येचा अभ्यास करतो. ‘पोलिसांनी आरोपपत्र दाखल केले’ आणि ‘न्यायालयाने आरोप निश्चित केले’ या दोन बातम्यांत फरक काय? इंग्रजीत दोन्हीकडे चार्जच आहे. आणि ‘लाठीचार्ज’ला मराठी शब्द कोणता वापरावा? (एक विद्यार्थी, कॉलेज रोड)

उत्तर : फरक मोठा आहे आणि तो न सांभाळल्यामुळे बातम्यांत एखाद्या माणसाचे नुकसान होऊ शकते. तपास पूर्ण झाल्यावर पोलीस न्यायालयाला जो अहवाल देतात, त्याला व्यवहारात चार्जशीट म्हणतात. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तो कलम १९३ मध्ये आहे. आधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तो कलम १७३ मध्ये होता. हे पोलिसांचे म्हणणे झाले. ते म्हणणे आणि सोबतचे कागद वाचून, दोन्ही बाजू ऐकून, खटला चालवण्याजोगे काही आहे असे न्यायालयाला वाटले तर न्यायालय स्वतः दोषारोप ठेवते, आरोपीला वाचून दाखवते आणि गुन्हा कबूल आहे का असे विचारते. तो खरा ‘चार्ज’. म्हणजे पहिल्या बातमीत पोलिसांनी ओझे न्यायालयाच्या दारात आणून ठेवलेले असते आणि दुसऱ्या बातमीत न्यायालयाने ते आरोपीच्या खांद्यावर दिलेले असते. दोष सिद्ध होणे यानंतर पुष्कळ दूर आहे. नोकरीतल्या विभागीय चौकशीतही दोषारोपपत्र असते, परंतु त्याचा फौजदारी खटल्याशी संबंध असेलच असे नाही. बातमीत ते कोणत्या प्रकारचे आहे हे स्पष्ट लिहावे.

‘लाठीचार्ज’ला ‘लाठीमार’ हा शब्द आहे, तो रुळलेला आहे, तोच लिहावा. त्याच्यामागे ‘सौम्य’ हे विशेषण मात्र लावू नये. लाठी सौम्य होती की नाही हे ज्याच्या पाठीवर पडली त्याला विचारून मगच लिहिण्याची गोष्ट आहे. सैन्याचा चार्ज असेल तर मराठीत ‘एल्गार’ आहे, ‘हल्ला चढवणे’ आहे, ‘तुटून पडणे’ आहे. मोकाट वळू असेल तर तो ‘मुसंडी मारतो’. आणि निफाड-सिन्नरकडच्या उसातून निघालेला बिबट्या ‘अंगावर धावून येतो’. यांपैकी कशालाही ‘चार्ज केला’ लिहिण्याची गरज पडू नये.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात ‘भारित खर्च’ असा शब्द आहे. म्हणजे जास्तीचा खर्च का? (एक परीक्षार्थी, गंगापूर रोड)

उत्तर : नाही. संविधानाच्या अनुच्छेद ११२ मध्ये केंद्रासाठी आणि अनुच्छेद २०२ मध्ये राज्यासाठी काही खर्च थेट एकत्रित निधीवर टाकलेले आहेत. उदाहरणार्थ राज्यात राज्यपालांचे वेतन, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन आणि कर्जावरचे व्याज. त्यांच्यावर सभागृहात चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. निधीच्या पाठीवर ते ओझे संविधानानेच बांधून दिले आहे, म्हणून भारित.

प्रश्न : पावसाळ्यात गंगापूर धरणातून डिस्चार्ज वाढला असे ऐकतो, रुग्णालयातून डिस्चार्ज मिळतो आणि खटल्यातूनही डिस्चार्ज मिळतो. या तिन्हींना मराठीत एकच शब्द आहे का? (एक वाचक, पंचवटी)

उत्तर : एकच शब्द नाही, आणि नाही तेच बरे. ओझे उतरवणे हा समान अर्थ इंग्रजीने एका शब्दात बांधला, मराठीने प्रत्येक ओझे पाहून वेगळा शब्द दिला. धरणाचा तो ‘विसर्ग’. एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर, म्हणजे हजार क्यूसेकचा विसर्ग असला तर दर सेकंदाला सुमारे २८,३०० लिटर पाणी गोदावरीत येते. आपण पंचवटीत राहता, त्यामुळे आकड्यापेक्षा दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागले की छातीला, यावरून आपल्याला पुराचा अंदाज अधिक चांगला येत असेल. अक्षरापुढे दोन टिंबे देतात त्यालाही विसर्ग म्हणतात, आणि दोन्हींत अर्थ तोच आहे, सोडून देणे; एकात श्वास सोडायचा, दुसऱ्यात पाणी. ‘विसर्जन’ याच धातूचे.

रुग्णालयातून माणसाला ‘घरी सोडतात’ किंवा त्याला ‘सुट्टी मिळते’. न्यायालयात मात्र जपून लिहावे : खटला चालण्याआधीच, पुरेसा आधार नाही म्हणून सोडले तर ‘दोषमुक्त’ किंवा ‘आरोपमुक्त’, खटला पूर्ण चालून गुन्हा सिद्ध झाला नाही तर ‘निर्दोष मुक्तता’. कर्जाच्या किंवा उपकाराच्या डिस्चार्जला आपल्याकडे फार सुंदर शब्द आहे, ‘उतराई होणे’. त्यातही ओझे उतरवणेच आहे.

प्रश्न : येत्या सिंहस्थात आमच्या दुकानात यात्रेकरूंसाठी मोबाइल चार्ज करण्याची सोय करणार आहोत. मुलाने फलक लिहून आणला आहे : ‘मोबाइल चार्जिंगचे चार्जेस एक्स्ट्रा चार्ज केले जातील.’ हे मराठीत कसे लिहावे? (एक दुकानदार, पंचवटी कारंजा)

उत्तर : तीन ‘चार्ज’पैकी पहिला ठेवावा, कारण फोनच्या बाबतीत तो आता मराठीच झाला आहे, आणि विदर्भातून आलेल्या आजींनाही तो कळेल. दुसऱ्याच्या जागी ‘पैसे’ लिहावे, तिसरा पुसून टाकावा आणि ‘एक्स्ट्रा’ कशाहून एक्स्ट्रा हे कळत नसल्यामुळे तोही काढावा. फलक असा होईल : ‘मोबाइल चार्ज करून मिळेल. पैसे वेगळे पडतील.’ खाली तासाचा दर ठळक अंकांत लिहावा, म्हणजे फोन परत घेताना वाद होणार नाही.